ब्रिटनच्या जनगणनेत आपला पूर्वज मधल्याच एका नोंदीत सापडत नसेल, तर त्याचा माग कसा काढावा?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, आपल्या यजमानांचे घराणे पूर्व लँकशायरमधल्या विणकरांचे असून आडनाव हारग्रीव्ह्ज आहे. त्यांचे पणजोबा १८८१ मध्ये पॅडिहॅमला अविवाहित तरुण म्हणून आणि १९०१ मध्ये बर्नलीला बायकामुलांसह सापडले, परंतु १८९१ च्या जनगणनेत नाव, वय आणि गाव निरनिराळ्या प्रकारे घालूनही त्यांचा पत्ता लागत नाही. १९०१ च्या नोंदीतली मुलांची वये आणि जन्मगावेही आपण दिली आहेत, हे फार बरे केलेत, कारण बहुधा तिथेच उत्तर आहे. चौदा वर्षांचा मुलगा पॅडिहॅमचा, नऊ वर्षांची मुलगी ब्लॅकबर्नची आणि पाच वर्षांचा मुलगा बर्नलीचा, अशी ती नोंद आहे. मी उत्तर इंग्लंडमध्ये राहतो आणि हौसेखातर अशा शोधांत लोकांना मदत करतो. माझे मत असे की आपले पणजोबा १८९१ च्या वह्यांत आहेत. फक्त ज्या नावाने आणि ज्या गावात आपण त्यांना शोधत आहात, त्या नावाने किंवा त्या गावात ते नाहीत.

मुळात ही नोंद कशी तयार झाली हे लक्षात घेतले, तर पुढची वाट सोपी होते. जनगणनेच्या आधीच्या आठवड्यात प्रगणक घरोघरी छापील पत्रके देऊन जात असे. रविवार, ५ एप्रिल १८९१ च्या रात्री घरात जे मुक्कामाला असतील त्यांची माहिती कुटुंबप्रमुखाने त्या पत्रकात भरायची आणि सोमवारी प्रगणकाने ती पत्रके गोळा करायची, अशी पद्धत होती. ज्या घरात कोणालाच लिहिता येत नसे तिथे प्रगणक स्वतः विचारून, कानाला ऐकू येईल तसे लिहून घेई. मग ही सर्व माहिती तो आपल्या वहीत उतरवून काढी. १८४१ ते १९०१ पर्यंतच्या जनगणनांची मूळ घरगुती पत्रके पुढे नष्ट करण्यात आली, त्यामुळे आज आपण जे पान पडद्यावर पाहतो ती प्रगणकाने केलेली नक्कल असते (घरच्या माणसाच्या हाताचे अक्षर १९११ पासून पाहायला मिळते). या वह्या लंडनला गेल्यावर तिथल्या कारकुनांनी मोजणीसाठी वयाच्या रकान्यांत पेन्सिलीच्या रेघा ओढल्या, आणि त्या नेमक्या आकड्यांवरून गेल्यामुळे तीनाचा आठ दिसावा अशी अवस्था अनेक पानांवर आहे. त्यावर आणखी शंभरएक वर्षांनी, त्या गावांशी कसलाही संबंध नसलेल्या लोकांनी ते अक्षर लावून संगणकीय सूची तयार केली. आपण शोधचौकटीत नाव घालतो तेव्हा आपण वही शोधत नसतो, ही सूची शोधत असतो.

म्हणून माझा आग्रह असा की पणजोबांचे नाव तूर्त बाजूला ठेवावे आणि ब्लॅकबर्नला जन्मलेल्या मुलीपासून सुरुवात करावी. १९०१ ची जनगणना ३१ मार्चच्या रात्रीची होती. त्या रात्री मुलगी नऊ वर्षांची असेल, तर तिचा जन्म साधारण एप्रिल १८९१ ते मार्च १८९२ या काळातला ठरतो. म्हणजे १८९१ च्या जनगणनेनंतर वर्षभराच्या आतच ती जन्मली, आणि त्या वेळी कुटुंब ब्लॅकबर्नमध्ये होते. कापड गिरण्यांच्या त्या पट्ट्यात विणकर कुटुंबे काम मिळेल तशी एका गावातून दुसऱ्या गावात जात आणि घरेही आठवड्याच्या भाड्याने घेतलेली असत, त्यामुळे पॅडिहॅम, ब्लॅकबर्न, बर्नली असा प्रवास अगदी स्वाभाविक आहे. आपण मात्र १८९१ चा शोध पॅडिहॅम आणि बर्नली यांच्यापुरताच ठेवलेला दिसतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, आणि तिची त्या काळची सूची त्रैमासिक आहे. जन्म नोंदवण्यास बेचाळीस दिवसांची मुदत असल्यामुळे जून १८९१ ते जून १८९२ या पाचही तिमाह्या तपासाव्या लागतील. जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यू नोंदणीची मध्यवर्ती कचेरी, हिच्या संकेतस्थळावरची सूची यासाठी सर्वांत उपयोगी आहे, कारण तिच्यात अगदी जुन्या जन्मांपुढेही आईचे माहेरचे आडनाव दिलेले असते. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या मध्यानंतरच दिसू लागते. आता तीन याद्या करा. पहिली, १८८६-८७ मध्ये बर्नली नोंदणी जिल्ह्यात (पॅडिहॅम त्यातच येते) मोठ्या मुलाच्या नावाने झालेले सर्व हारग्रीव्ह्ज जन्म. दुसरी, १८९१-९२ मध्ये ब्लॅकबर्न जिल्ह्यात मुलीच्या नावाचे. आणि तिसरी, १८९५-९६ मध्ये पुन्हा बर्नली जिल्ह्यात धाकट्याच्या नावाचे. प्रत्येक यादीत अनेक नावे निघतील, कारण त्या भागात हे आडनाव आपल्याकडच्या जाधव-पवारांइतके पसरलेले आहे. सूतकताईचे ‘स्पिनिंग जेनी’ यंत्र बनवणारे जेम्स हारग्रीव्ह्जही तिथल्याच ऑस्वाल्डट्विसलचे. परंतु तिन्ही याद्यांत आईचे एकच माहेरचे आडनाव जिथे जुळेल, ते आपले कुटुंब असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि अशी तिहेरी जुळणी योगायोगाने क्वचितच होते.

जुळणी झाली की मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत मागवा. तिच्यावर जन्मतारीख, जन्माचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि नोंद करणाऱ्या व्यक्तीचा पत्ता मिळतो. आईला लिहिता येत नसेल, तर सहीच्या जागी फुली आणि ‘तिची खूण’ अशी नोंद दिसेल. तसे असल्यास घरचे पत्रकही दुसऱ्याच कोणी भरले असावे, हा धागा लक्षात ठेवा. मग त्या पत्त्याची गल्ली १८९१ च्या वहीत काढा. काही संकेतस्थळांवर नावाऐवजी पत्ता घालून शोधण्याची सोय आहे. ती नसेल, तर त्या भागाची वही पानापानाने चाळावी. हे काम वाटते तेवढे कंटाळवाणे नाही. एका पानावर पाच-सहा घरे बसतात, आणि घराच्या शेवटी दोन तिरक्या रेघा, तर त्याच घरातल्या वेगळ्या कुटुंबाच्या शेवटी एक, हा संकेत एकदा डोळ्यांत बसला की पाने भराभर उलटता येतात.

ही दुहेरी-एकेरी रेघ महत्त्वाची आहे, कारण माणसे हरवण्याचे एक मोठे कारण तिथेच दडलेले असते. तरुण जोडपी बहुधा कोणाच्या तरी घरी खोली घेऊन, नाहीतर बायकोच्या आईवडिलांकडे राहत. प्रगणक कुटुंबप्रमुखाचे आडनाव एकदा लिहून खाली ‘वरीलप्रमाणे’ची खूण करत जाई, आणि ती खूण जावई आणि नातवंडे यांच्यापर्यंत सरकत गेली, की आपले हारग्रीव्ह्ज सूचीत सासऱ्याच्या आडनावाने नोंदले जातात. त्यामुळे पणजीचे माहेरचे आडनाव हाती आल्यावर, त्या आडनावाने पणजोबांचे, पणजीचे आणि मोठ्या मुलाचे नाव जरूर शोधून पाहा. नात्याच्या रकान्यात ‘सन-इन-लॉ’, म्हणजे जावई, असे दिसले, तरी एक काळजी घ्यावी लागते: त्या काळी सावत्र मुलालाही तोच इंग्रजी शब्द वापरत, तेव्हा वय आणि वैवाहिक स्थिती पाहिल्याशिवाय नाते ठरवू नये.

लिहिण्या-वाचण्यातल्या चुका हा दुसरा भाग. लँकशायरच्या बोलीत सुरुवातीचा ‘ह’ गळतो, त्यामुळे कानाने लिहिणाऱ्याने ‘आरग्रीव्ह्ज’ लिहिले असणे सहज शक्य आहे. त्या काळच्या वळणात मोठा एच हा के सारखा दिसतो, म्हणून सूचीत ‘कारग्रीव्ह्ज’ही असू शकेल, शेवटचा एस गाळलेला आणि मधले स्वर बदललेले प्रकार तर नेहमीचेच. बहुतेक संकेतस्थळांवर अनिश्चित अक्षरांच्या जागी तारांकित खूण चालते, तिचा आडनावाच्या सुरुवातीला आणि मध्येही उपयोग करा. त्याहून चांगला उपाय म्हणजे आडनाव पूर्णपणे रिकामे सोडून मोठ्या मुलाचे पहिले नाव, चार वर्षे वय (एक-दोन वर्षे इकडेतिकडे) आणि जन्मगाव पॅडिहॅम एवढेच घालणे. ब्लॅकबर्न आणि शेजारच्या डार्वेनमध्ये, पॅडिहॅमला जन्मलेली त्या नावाची आणि वयाची मुले मोजकीच असणार. पणजोबांच्या स्वतःच्या जन्मगावावर मात्र फार विसंबू नका. लोक कधी खरे खेडे सांगत, कधी जवळचे मोठे गाव, आणि कधी जिथे लहानाचे मोठे झाले तेच जन्मगाव समजत. याशिवाय अँसेस्ट्री, फाइंडमायपास्ट आणि फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळांच्या सूचींत फरक असतो, त्यामुळे एका ठिकाणी बिघडलेले नाव दुसरीकडे नीट लागलेले असू शकते. सशुल्क संकेतस्थळे ब्रिटनमधल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत विनामूल्य वापरता येतात. नोंद सापडली की तिचा आरजी १२ (१८९१ च्या जनगणनेच्या दप्तराची खूण) ने सुरू होणारा पूर्ण संदर्भ, म्हणजे दप्तरातल्या गठ्ठ्याचा (पीस), पत्राचा (फोलिओ) आणि पानाचा क्रमांक, लिहून ठेवा. तो कोणत्याही संकेतस्थळावर बदलत नाही.

माणूस खरोखरच वहीत नसण्याची कारणेही असतात, पण आपल्या बाबतीत ती मला दुय्यम वाटतात. १८६१ चे काही भाग गहाळ आहेत, १८५१ च्या मँचेस्टर परिसरातल्या काही वह्या पाण्याने खराब झाल्या, आणि इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मधल्या आगीत जळून गेली. १८९१ त्या मानाने बरीच शाबूत आहे. पणजोबा सैन्यात असते, तर प्रश्न वेगळा होता, कारण परदेशातल्या छावण्यांतल्या सैनिकांची नावनिशीवार नोंद १९११ मध्येच प्रथम मिळते. पुण्यात किंवा देवळालीला असलेला शिपाई १८९१ च्या वह्यांत सापडणार नाही. एखाद्या मुलाचे जन्मस्थान ‘ईस्ट इंडीज’ लिहिलेले असते, तर मी आपल्याला सरळ ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तराकडे पाठवले असते, जिथे मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्म्यांच्या, विवाहांच्या आणि दफनांच्या नोंदी एन/३ या मालिकेत आहेत. (आपल्या स्वतःच्या माहेरच्या घराण्यासाठी असा शोध घेण्याचा विचार असेल, तर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जनगणनांची घरवार पत्रके जपलेली नाहीत, तिथे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याच कामाला येतात.)

एक शंका मात्र स्पष्टपणे मांडतो. १८८१ मध्ये सापडलेला पॅडिहॅमचा तरुण हाच आपला माणूस, हे आपण केवळ नाव आणि वय जुळल्यावरून धरले आहे, आणि या आडनावाच्या बाबतीत तेवढे पुरत नाही. पॅडिहॅममध्येच त्या नावाचे, त्याच वयाचे दोघे-तिघे असू शकतात. आईचे माहेरचे आडनाव कळल्यावर १८८१ ते १८८७ मधला विवाह शोधा आणि त्याचा दाखला मागवा. ‘लँकशायर बीएमडी’ या संकेतस्थळावर स्थानिक नोंदणी कचेऱ्यांच्या सूची विनामूल्य पाहता येतात. दाखल्यावर वराच्या वडिलांचे नाव आणि व्यवसाय असतो. ते १८८१ च्या घरातल्या कुटुंबप्रमुखाशी जुळले, तर उत्तम. न जुळल्यास १८८१ ची नोंद सोडून द्यावी लागेल, तिच्यावरून मागे काढलेल्या पिढ्याही पुसाव्या लागतील, आणि दाखल्यावर मिळालेल्या वडिलांच्या नावाने १८८१ चा शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागेल.