हेप्टा, मोनो, फेरस, कोनाझोल: नाव वाचा, मग माप घ्या

शेतकरी बंधू-भगिनींनो, या खेपेला आलेले पाच प्रश्न वरवर वेगळे आहेत, पण पाचही रसायनाच्या नावापाशीच अडले आहेत. म्हणून उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न: झिंक सल्फेटच्या एका पिशवीवर ‘हेप्टाहायड्रेट’ आहे, दुसरीवर ‘मोनोहायड्रेट’. मात्रा वेगळी का सांगतात?

हायड्रेट म्हणजे स्फटिकात बांधले गेलेले पाणी, आणि त्याआधीचा शब्द हा आकडा. मोनो 1, डाय 2, ट्राय 3, टेट्रा 4, पेंटा 5, हेक्सा 6, हेप्टा 7. हेप्टामध्ये झिंक सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सात रेणू असतात. हाताला कोरडे लागते, पण 100 किलोत जवळपास 44 किलो पाणीच! म्हणून शुद्ध हेप्टात जस्त 22.7 टक्के, तर मोनोत 36.4 टक्के. पिशवीवरचा आकडा याहून थोडा कमी असतो, हिशेब त्याच आकड्यावर करा. ढोबळ मानाने 10 किलो हेप्टाचे काम सव्वासहा किलो मोनोत होते. हेप्टाचे माप धरून मोनो फवारले, तर द्रावण दीडपटीहून जास्त तीव्र होते आणि कोवळी पाने करपू शकतात.

कोरड्या खड्यात पाणी असते यावर विश्वास बसत नसेल, तर मोरचुदाचा खडा पाहा. त्याचे पूर्ण नाव कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. मोडीत काढलेल्या पळीत (स्वयंपाकाच्या नव्हे) मंद आचेवर खडा तापवला की निळा रंग जाऊन पांढुरकी भुकटी उरते. ती गार झाल्यावर वर पाण्याचा थेंब टाका, पुन्हा निळी होते. पाण्याबरोबर रंग गेला, तांबे जागेवरच राहिले.

प्रश्न: फेरस सल्फेटची पिशवी उघडी राहिली, हिरवे खडे तांबूस-पिवळे पडले. वापरू का?

फवारणीला नको. फेरस आणि फेरिक ही लोहाचीच दोन रूपे. हवेतला ऑक्सिजन लागला की फेरसचे फेरिक होते, म्हणजे पिशवीवरचे नाव आता खोटे झाले. चुनखडीच्या जमिनीत हे फेरिक लोह विरघळत नाही, मुळांच्या शेजारी असूनही पीक पिवळेच राहते. आपले जुने नाव ‘हिराकस’ सोपे खरे, पण त्यातून लोहाचे रूप कळत नाही.

प्रश्न: कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत घट्ट कालवले, खाली पांढरा साका बसला.

नावातला पहिला शब्द धातूचा, दुसरा त्याच्या जोडीदाराचा. पाण्यात या जोड्या सुटतात. कॅल्शियमला सल्फेट भेटले की जिप्सम तयार होते आणि ते फारच कमी विरघळते. ठिबकच्या तोट्या त्यानेच बुजतात. दोन्ही खते वेगळ्या वेळी सोडा.

प्रश्न: हेक्साकोनाझोल, टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल आलटून-पालटून फवारले, तरी रोग हटत नाही.

तुम्ही नावे बदललीत, औषध बदलले नाही. ‘कोनाझोल’ हे शेपूट सांगते की तिन्ही ट्रायझोल गटातली आहेत आणि बुरशीवर एकाच जागी घाव घालतात. एकाला दाद न देणारी बुरशी बहुधा बाकीच्यांनाही पुरून उरते. ‘स्ट्रोबिन’ शेपटाची औषधे वेगळ्या जागी काम करतात. मात्र निव्वळ शेपटावर विसंबू नका: मायक्लोब्युटॅनिल हेही ट्रायझोलच आहे, नावावरून ओळखू येत नाही इतकेच. लेबलवर क्रिया-गटाचा क्रमांक असेल तर तो पाहा. ट्रायझोलचा 3, स्ट्रोबिनचा 11. आणि रोग कोणता आहे, याची आधी खात्री करून घ्या.

प्रश्न: 2,4-डी या तणनाशकाच्या नावातले आकडे म्हणजे 2 टक्के आणि 4 टक्के का?

नाही. रेणूतल्या कार्बनच्या कड्यावर क्लोरिन कुठे बसले आहे, त्या जागांचे ते क्रमांक. टक्केवारी डब्यावर वेगळी छापलेली असते, फवाऱ्याचे माप तिच्यावरून काढा.