जुना चांदीचा रुपया इतका चकचकीत कसा?

प्रश्न : दादा, आज्जी गेल्यावर तिच्या ट्रंकेतल्या डब्यात पाच चांदीचे रुपये निघाले, सगळे पंचम जॉर्जचे, १९१८-१९ चे. चार काळे पडलेत पण एक आरशासारखा चमकतोय. मोठा भाऊ म्हणतो तो वापरलेलाच नाही, भारी किंमत येईल, आणि पेठेतले सराफ म्हणाले घासलेला आहे. खरं कोणाचं? आणि बाकीचे चार चिंचेच्या पाण्यात टाकून साफ करू का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, चिंच अजिबात नको, ते चार रुपये आहेत तसेच डब्यात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आता तो चमकणारा. ट्यूब बंद करून एकच बल्ब लावा आणि रुपया कडेनं धरून उजेडात थोडा तिरका करत हळूहळू फिरवा. टाकसाळीत ठसा दणक्यात बसतो तेव्हा चांदी मधून कडेकडे सरकते आणि तिच्या अगदी बारीक रेषा उठतात, त्या एकेक दिसत नाहीत पण त्यांच्यामुळे उजेडाचे पट्टे पडतात आणि नाणं फिरवलं की बैलगाडीच्या चाकाचे आरे फिरावेत तसे ते फिरतात. ही खरी मूळची झळाळी. घासलं की त्या रेषाच जातात, मग नुसता सपाट भगभगीत उजेड, कसंही फिरवा, आत काही हलत नाही.

मग दहापट भिंग घ्या आणि राजाच्या तोंडासमोरची मोकळी जागा बघा. हातोहात फिरलेल्या नाण्यावर ओरखडे कसेही पडतात, आडवे, तिडवे, खोल, उथळ. घासलेल्यावर केसासारखे बारीक, एकाला एक लागून, एकाच दिशेला. अक्षरांच्या बुडाशी फडकं पोचत नाही म्हणून तिथं काळी रेघ राहते नाहीतर पांढरी पूड अडकलेली असते. केमिकलमध्ये बुडवून काढलेल्यावर मात्र ओरखडे नसतात, जास्त वेळ बुडवला असेल तर तो पांढराफटक, निर्जीव दिसतो, म्हणून फक्त ओरखड्यांवर जाऊ नका.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती झीज. राजाच्या अंगावरच्या झग्यावर एक छोटा हत्ती आहे, त्याची सोंड, पाय नीट दिसतात का बघा, भुवई आणि कान पण बघा. हत्ती सपाट झालाय आणि तरी रुपया लखलखतोय असं असेल तर तो नक्की साफ केलेला, कारण इतका फिरलेला रुपया आपसूक राखाडीच होतो. कडेला वरच्या बाजूला डाग (सोल्डर) लावल्याची खूण आहे का तेही तपासा, माळेत ओवायला कडी लावलेले कितीतरी रुपये नंतर कडी काढून बफ मशीनवर चमकवलेत.

आणि ताई, ती पांढरी पूड सापडली तर ती बहुतेक रांगोळी असेल. आपल्याकडं लक्ष्मीपूजनाला रुपया पंचामृतात घालायचा आणि नंतर रांगोळीनं घासून लख्ख करायचा ही घरोघरची रीत, मला वाटतं आज्जी दरवर्षी तोच एक पूजेला काढत असतील आणि चार डब्यातच राहिले असतील. तसं असेल तर सराफ बरोबर आहेत. चांदीचा भाव त्यानं कमी होत नाही, रुपया तोळाभराचा म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, ती आहे तेवढीच आहे. नाणी जमवणारा जो वरचा पैसा देतो तो मात्र जातो, आणि गेलेली झळाळी कुठलाच कारागीर परत आणू शकत नाही.

चौघांवरचा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकानं चांदीवर धरलेला रंग, त्यानं नाण्याचं काही बिघडत नाही, उलट जाणकार माणूस तोच बघून हे हात न लावलेले आहेत म्हणून विश्वास ठेवतो. एकेक वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नको, त्यानं काही वर्षांनी हिरवट चिकट थर येतो. आणि दिवाळीला पूजेत आज्जींचा तो चमकणाराच ठेवा.