क्वालालंपूरमध्ये एकच सकाळ मोकळी आहे. शहराच्या मधोमध असलेलं वर्षावन बघण्यासारखं आहे का?

हो, जरूर जा, आणि सकाळी उघडल्या उघडल्या जा, कारण दुपारनंतर तिथे गडगडाटी पाऊस कधीही येतो आणि पाऊस आला की झुलते पूल बंद करतात. बुकित नानासच्या टेकडीवरचं हे जंगल १९०६ पासून राखीव आहे. आज त्याला केएल फॉरेस्ट इको पार्क म्हणतात. मी स्वतः तिथे फिरलो आहे, त्यावरून सांगतो: झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारा सुमारे २०० मीटरचा पूल हेच मुख्य आकर्षण. पण पुलावरून उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका. खालच्या पायवाटांवर मोठ्या झाडांची मुळं खोडापासून फळ्यांसारखी उभी पसरलेली दिसतात, ती जवळून बघा. शेजारच्या ४२१ मीटर उंच केएल टॉवरपाशी शंभरीपार केलेलं जेलुतोंगचं झाड आहे. टॉवर बांधताना ते तोडलं नाही, उलट त्याला जपण्यासाठी वेगळी संरक्षक भिंत बांधली. मला तर टॉवरपेक्षा तेच जास्त आवडलं.

सोबत एवढं असू द्या:
- पकड असलेले बूट, पाणी, डासांसाठी मलम
- खाऊ पिशवीत बंद, माकडं हातातून ओढतात

एक मात्र लक्षात घ्या. हे जंगल जेमतेम नऊ हेक्टरांचं आहे आणि गाड्यांचा आवाज आत येतोच. परदेशी पाहुण्यांना तिकीटही स्थानिकांपेक्षा बरंच महाग पडतं. घनदाट अरण्यच हवं असेल तर दोन-तीन दिवस काढून तामान नेगारा या राष्ट्रीय उद्यानात जा.