पहिल्यांदाच साडेतीन तासाचा पिच्चर नको लावूस

अरे, बघायच्या पिच्चरची तुझी लिस्ट पाहिली, बरी आहे पण पहिल्याच नंबरला 'जान दीलमान' ठेवून सुरुवात चुकतेयस. बेल्जियमच्या दिग्दर्शिका शांताल आकरमानचा हा पिच्चर, 1975 चा, 201 मिनिटांचा, तो मी एकदा घरी चार मित्रांना दाखवायला बसलो, बाई बटाटे सोलतेय आणि कॅमेरा जागचा हलत नाही, पाऊण तासात सगळे भुट्ट्याचा कीस खायला इंदूरच्या सराफा बाजारात पळाले, मी एकटाच शेवटपर्यंत. पिच्चर जबरदस्तच आहे पण पचायला वेळ लागतो.

त्यापेक्षा सेनेगलचा 'तुकी बुकी' घे. 1973 चा, दिग्दर्शक जिब्रिल दियोप माम्बेती. दीड तासात संपतो. डाकारमधला एक पोरगा आणि पोरगी, कसंही करून पॅरिसला जायचंय, पैसे नाहीत, आणि त्याच्या मोटरसायकलच्या हँडलला चक्क बैलाची शिंगं बांधलेली. सुरुवातीलाच कत्तलखान्याचा सीन येतो, खराखुरा, जेवताना नको बघूस. गोष्ट तुटक वाटेल, पण कळलं नाही म्हणून दर पाच मिनिटांनी मागे जाऊ नकोस, आवाजाकडे लक्ष दे, पॅरिसचं तेच ते गाणं परत परत येतं, आधी गंमत वाटते मग बोचायला लागतं.

आपल्याकडचा कमल स्वरूपचा 'ओम दर बदर' पण असाच वेडा, 1988 चा, थेटरात लागला थेट 2014 ला.

आणि हो, आधी रिव्ह्यू वाचू नकोस. बघून झालं की ये रविवारी सकाळी, पोहे-जिलेबी खात बोलू, आवडला नाही तरी ये, मग तर जास्तच भांडू.