'वर्किंग फॅमिलीज'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या राजकारणी हिल्डा सोलिस यांच्याबद्दल भाषांतर करताना "या लॅटिन आमदार काम करणाऱ्या कुटुंबांची वकिली करतात" हे वाक्य बरोबर आहे का. मला यात चार शब्द खटकतात, आणि सगळ्यात जास्त खटकतं ते 'काम करणारी कुटुंबं'.

मराठीत असं म्हटलं की अख्खं घर मिळून कामाला लागलंय असं वाटतं, म्हणजे कुंभाराचं घर किंवा ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, जिला तिथे 'एक कोयता' म्हणूनच मोजतात. अमेरिकेतल्या राजकारणात 'वर्किंग फॅमिलीज' म्हणजे महिन्याच्या पगारावर किंवा ताशी मजुरीवर ज्यांची चूल पेटते ती घरं. 'नोकरदार' म्हणावं तर डोळ्यासमोर ऑफिस, पीएफ आणि पेन्शन येतं, ते इथे बसत नाही. मी 'कष्टकरी कुटुंबं' घेईन. हा शब्द थोडा अंगमेहनतीकडे झुकतो, नर्स किंवा शाळेतली शिक्षिका त्यात सहज येत नाही हे खरंय, पण 'हातावर पोट असलेली' यातला जो जीव आहे तो यातच उतरतो, आणि पुण्यातल्या हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' या स्वस्त जेवणाच्या केंद्रामुळे या शब्दाला मानही आहे.

सोलिसबाईंच्या बाबतीत तर तो चपखल बसतो. वडील मेक्सिकोतून आलेले, कारखान्यात कामाला आणि टीमस्टर्स या मोठ्या कामगार युनियनचे प्रतिनिधी, आई निकाराग्वाची, ती खेळण्यांच्या कारखान्यात, आणि घरात सात भावंडं. कॅलिफोर्नियात त्या 1992 मध्ये असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, आणि 1994 मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या, तिथल्या सिनेटमधली पहिली लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाची बाई. किमान वेतन वाढवायचं त्यांचं बिल गव्हर्नरने नामंजूर केलं तेव्हा त्यांनी आपल्या प्रचारनिधीतले पैसे घालून तो विषय थेट मतदारांपुढे नेण्याच्या मोहिमेला हातभार लावला, आणि 1996 च्या मतदानात तो पास होऊन दर 4.25 डॉलरवरून टप्प्याटप्प्याने 5.75 वर गेला. आता हा दर ताशी असतो हे मराठीत सांगायलाच हवं, नुसतं 'वेतन' वाचलं की आपल्याकडे महिन्याचा पगार वाटतो.

म्हणून 'वकिली' नको. 'बाजू लावून धरली' किंवा सरळ 'झगडल्या' म्हणा, बिल पडल्यावर मतदारांकडे जाणं हे झगडणंच आहे.

'लॅटिन' तर अजिबात नको, ती रोमची जुनी भाषा. स्पॅनिशमध्ये पुरुष लॅटिनो आणि बाई लॅटिना. आपल्याकडे घोडा-घोडी, मुलगा-मुलगी असं चालतं म्हणून कुणी 'लॅटिनी' करायला जाईल, पण सीता, लता ही नावं आकारान्तच आहेत की, तेव्हा 'लॅटिना' कानाला परकं वाटायचं कारण नाही.

'आमदार' राज्याच्या काळापुरतं ठीक, फक्त कॅलिफोर्नियाच्या सिनेटला विधान परिषद म्हणू नका, तिथले सदस्य थेट लोक निवडून देतात. 2001 पासून त्या वॉशिंग्टनला प्रतिनिधीगृहात, म्हणजे खासदार. 2009 ते 2013 ओबामांच्या कामगार मंत्री, आणि तिथे मंत्री व्हायचं तर खासदारकी सोडावी लागते, तशी त्यांनी सोडली. 2014 ला लॉस एंजेलिस काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सुपरवायझर म्हणून निवडून आल्या. याचं 'पर्यवेक्षक' करू नका हो, परीक्षेच्या हॉलमधले सर आठवतात! असे पाचच सदस्य मिळून जवळपास एक कोटी वस्तीचा कारभार बघतात, तिथे 'काउंटी मंडळाच्या सदस्य' लिहिलेलं बरं.

तुमचं वाक्य सगळ्या पदांना धरून लिहायचं तर मी असं लिहीन: "हिल्डा सोलिस या लॅटिना लोकप्रतिनिधी कष्टकरी कुटुंबांसाठी झगडत आल्या आहेत." फक्त राज्यातल्या वर्षांबद्दल लेख असेल तर 'लोकप्रतिनिधी'च्या जागी 'आमदार' राहू द्या.