पावतीवरचं १९१७ साल

प्रश्न : मला जुन्या जहाजी दुर्बिणी जमवायचा नाद आहे. गेल्या वर्षी मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असं कोरलेली पितळी दुर्बीण ८५ हजारांना घेतली. पावतीवर ‘अस्सल, शंभर वर्षांहून जुनी’ असं लिहून घेतलंय. ती आणि आजोबांची, डॉलंड या लंडनच्या जुन्या कंपनीची दुर्बीण मुलाकडे मेलबर्नला न्यायची आहे. विमानतळावर पावती पुरेल ना? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : पुरणार नाही. उलट ती पावतीच तुम्हाला अडकवेल.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षं जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची किंवा त्या काळच्या विज्ञान-कारागिरीची साक्ष देणारी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. ती घडली लंडनला, हा बचाव चालत नाही, कारण व्याख्येत मूळ देशाची अट नाही. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. खासगी माणसाने नेली तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड. मुलाला भेट द्यायची होती, या सबबीने गुन्हा पुसला जात नाही.

आता खरी गंमत. केल्विन आणि ह्यूज ही जहाजी उपकरणं बनवणारी दोन घराणी एकत्र आली १९४७ साली. मग १९१७ मध्ये जोडनाव कोरलं कुणी? अशा शोभेच्या पितळी दुर्बिणी आपल्याकडेच, रुडकीसारख्या ठिकाणी, ढिगाने बनतात आणि दिवाणखान्यात छानही दिसतात. शोभेची म्हणून विकली असती तर माझी काही तक्रार नव्हती. तुमची नकलीच असावी, असं माझं मत आहे. पण माझ्या मताला विमानतळावर किंमत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे फोटो जोडून अर्ज करा आणि ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र मागा. ते मिळालं की दुर्बीण बाहेर नेता येईल, आणि व्यापाऱ्याविरुद्ध भक्कम पुरावाही हाती येईल.

पण तंटा मिटेपर्यंत दुर्बीण मेलबर्नला धाडू नका, तीच तुमचा पुरावा आहे. आधी व्यापाऱ्याला स्पीड पोस्टाने नोटीस द्या : पैसे परत, व्याज, भरपाई. ‘असा माल शोभेचाच असतो, गिऱ्हाइकाला कळायला हवं’ असं तो म्हणेल. त्याच्याच हाताने लिहिलेला ‘अस्सल’ शब्द त्याला उत्तर देईल. पुरावस्तू विकण्याचा परवाना आहे का, हेही नोटिशीत विचारा. वस्तू खरी म्हणावी तर परवाना दाखवावा लागतो, खोटी म्हणावी तर फसवणूक कबूल होते. दाद मिळाली नाही तर तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, म्हणजे उशीर करू नका. मात्र दुर्बीण पुढे नफ्याने विकायला घेतली असेल, तर तुम्ही ‘ग्राहक’ ठरणार नाही. व्यापाऱ्याशी झालेले व्हॉट्सॲपचे संदेश जपा, दुर्बिणीला पॉलिश मुळीच करू नका.

आजोबांची डॉलंड मात्र घरीच ठेवा. ती खरोखर शंभरी पार केलेली असेल तर मुलाच्या सामानात जाऊ शकत नाही. घरात बाळगायला अडचण नाही : सक्तीची नोंदणी मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा अधिसूचित वस्तूंपुरती आहे, दुर्बिणी त्यात नाहीत. मृत्युपत्रात ती मुलाच्या नावे लिहा. मालकी त्याला मिळेल, वस्तू मात्र भारतातच राहील.