बंदूक कोणाच्या नावावर?

प्रश्न : आमच्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बाराबोअरची बंदूक होती. गेल्या वर्षी ते वारले. बंदूक आम्ही लगोलग परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली आणि माझ्या नावे परवाना मिळावा म्हणून अर्ज केला. तपासणीत असे निघाले की, परवान्याच्या जुन्या पुस्तिकेत हाताने लिहिलेल्या क्रमांकातला शेवटून दुसरा आकडा तीन आहे आणि बंदुकीवर तो आठ दिसतो. तेवढ्यावरून प्रकरण सात महिने अडून पडले आहे. वडिलांची मोटारसायकल मात्र विनासायास भावाच्या नावावर झाली. तोच भाऊ आता म्हणतो की, विक्रेत्याला सांगून गंजलेला आकडा कारागिराकडून नीट ठोकून घेऊ. टेक्सासमध्ये स्थायिक होऊन तिथला नागरिक झालेला पुतण्या सांगतो की, त्याने शेजाऱ्याकडून रायफल विकत घेतली, तेव्हा एक कागदही झाला नाही. गाडीची होते तशी बंदुकीची मालकाच्या नावे सरळ नोंदणी का होऊ नये? की अमेरिकेसारखी नोंदच नसलेली बरी?
— एक वाचक, तळकोकण

उत्तर : आधी भावाच्या सूचनेबद्दल लिहितो, कारण ती गोष्ट निकडीची आहे. त्या आकड्याला छिन्नी, कानस किंवा पॉलिश कागद, काहीही लागता कामा नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचे निर्मात्याचे नाव किंवा क्रमांक पुसणे अथवा बदलणे याला मनाई आहे, आणि असा फेरफार झालेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडते त्यानेच तो केला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो. आज प्रकरण कोणा लेखनिकाच्या हातून झालेल्या चुकीचे आहे. आकडा ठोकून घेतलात तर ते फौजदारी प्रकरण होईल आणि वडिलांच्या नावे असलेल्या स्वच्छ कागदांचाही उपयोग राहणार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. गाडीच्या बाबतीत आपल्याकडे दोन वेगळे कागद असतात. चालवण्याचा परवाना माणसाला मिळतो आणि नोंदणी गाडीची होते. मालक बदलले, गाव बदलले, तरी चासीचा क्रमांक तोच राहतो आणि गाडी भंगारात जाईपर्यंत तिची कुंडली त्या क्रमांकाखाली सापडते. बंदुकीचे तसे नाही. तिथे परवाना माणसाचा असतो आणि बंदूक ही त्या परवान्यात लिहिलेली एक ओळ असते. अलीकडच्या काळात परवान्यांची माहिती राष्ट्रीय संगणकीय नोंदीत गेली आणि प्रत्येकाला विशिष्ट ओळख क्रमांक मिळाला, पण तो क्रमांकही परवानाधारकाचाच. म्हणून माणूस गेला की परवाना संपतो आणि परवान्याच्या आत लिहिलेली बंदूक काही काळ कोणाचीच उरत नाही. गाडीचा मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत कळवले, तर त्याला तीन महिने ती गाडी वापरता येते. बंदुकीला अशी मुभा नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जमा करावी लागते. तुम्ही ते केलेत, हे योग्यच केलेत.

माझे मत विचाराल, तर गाडीचा दाखला अर्धाच घ्यावा. नोंदणी झालेली गाडी घरातला परवानाधारक कोणीही चालवू शकतो आणि विकत घेण्याची तर कोणाला परवानगीच लागत नाही. ही मोकळीक बंदुकीला मिळू नये. ती कोणाच्या हाती द्यायची याची चौकशी माणसागणिक झालीच पाहिजे. उरलेला अर्धा भाग मात्र जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे. बंदुकीला कारखान्यापासून तिच्या स्वतःच्या क्रमांकाखाली अखंड नोंद असावी आणि परवाना तिच्याशी जोडलेला असावा. आरटीओत गाडी नावावर करताना चासीच्या आकड्यांवर कागदाची पट्टी ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा अर्जाला चिकटवतात, हे तुमच्या भावाने पाहिले असेल. तीन की आठ, हा वाद तिथे उद्भवत नाही, कारण आकडा कोणी वाचून लिहिलेला नसतो, तो लोखंडावरून कागदावर आलेला असतो. वडिलांच्या परवान्यात पहिल्याच दिवशी असा एक ठसा लावला गेला असता, तर तुमचे सात महिने वाचले असते.

तुमच्या पुतण्याचा व्यवहार तिकडच्या कायद्यात बसतो, हे खरे आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बंदुकीवर क्रमांक आणि दुकानदाराकडे विक्रीचा फॉर्म सक्तीचा झाला, पण १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करण्यास मनाई केली. एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींमधल्या विक्रीला केंद्रीय कायदा कागद मागत नाही आणि टेक्सासही मागत नाही. याचा परिणाम वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग येथील माग काढणाऱ्या केंद्रात दिसतो. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा क्रमांक आला की, तिथले कर्मचारी आधी कारखान्याला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. बंद पडलेल्या दुकानांचे कागद त्या केंद्रात छायाचित्रांच्या रूपात साठवलेले आहेत आणि मालकाच्या नावाने ते शोधता येत नाहीत, त्यामुळे माणसे पानामागून पान चाळत बसतात. एवढे करूनही हाती लागतो तो पहिला गिऱ्हाईक. पुतण्याची रायफल उद्या चोरीला गेली आणि कुठे वापरली गेली, तर माग शेजाऱ्याच्या दारापर्यंत येऊन थांबेल आणि पुढचे सारे शेजाऱ्याच्या आठवणीवर राहील. मला ही व्यवस्था त्या शेजाऱ्यावरही अन्याय करणारी वाटते.

नुसता माणसाचा परवाना पुरेसा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी न्यूझीलंडकडे पाहावे. तिथे पूर्वी प्रत्येक बंदुकीची नोंद होत असे. नोंदी चुकीच्या निघतात आणि खर्चही फार होतो, म्हणून १९८३ च्या कायद्याने बहुतेक बंदुकांची नोंदणी सोडून दिली आणि ‘माणूस तपासा, बंदुका मोजू नका’ असे धोरण धरले. १९९७ मध्ये निवृत्त न्यायाधीश थॉमस थॉर्प यांनी सरकारला दिलेल्या अहवालात नोंदणी पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली होती. ती तशीच राहिली. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका परवानाधारकाने ५१ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली आणि सरकारने त्या विकत घेण्याची मोहीम काढली. ५६ हजारांच्या आसपास बंदुका जमा झाल्या, पण देशात अशा बंदुका मुळात किती होत्या हेच कोणाला ठाऊक नसल्याने किती राहिल्या हे सांगता येईना. अखेर जून २०२३ मध्ये तिथे बंदुकांची नोंदणी नव्याने सुरू झाली आणि मालकांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत मिळाली. चुकीच्या नोंदींवर उपाय म्हणून नोंदच बंद करण्याचा हा चाळीस वर्षांचा अनुभव आपण नीट वाचायला हवा.

उलट बाजूचाही अनुभव आहे. कॅनडाने १९९५ च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा निव्वळ खर्च २० लाख डॉलर येईल असे सांगितले गेले. २००२ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी तो १ अब्जाच्या पुढे जाईल असे दाखवून दिले आणि २०१२ मध्ये ती नोंदणी मोडीत निघाली. पिस्तुलांची नोंदणी मात्र चालूच राहिली.

नोंदणीवर नेहमीचा आक्षेप असा की, गुन्हेगार नोंदणी करायला येत नाहीत. हे मान्य करावेच लागते. चोपड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात उमर्टीसारख्या ठिकाणी बनणारा गावठी कट्टा कुठल्याही वहीत चढत नाही. त्याला पोलिसांचा बंदोबस्तच लागतो. पण परवान्याची बंदूक चोरीला जाते, घरातला दुसराच कोणी ती उचलतो, वारसांच्या भांडणात ती माळ्यावर पडून राहते, अशा वेळी तिची स्वतःची नोंद असेल तरच ती हरवली आहे हे निदान कळते. दुसरा आक्षेप सरकारच्या हाती यादी गेल्याच्या भीतीचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या कचाट्यात धरले आणि युरोपीयांना मोकळे सोडले, हा इतिहास आपल्याच देशाचा आहे. तरी आज निवडणूक आली की, कोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची हे परवान्यांच्या नोंदींवरूनच ठरते. यादी सरकारकडे आहेच. ती अचूक असावी आणि तिच्यातली चूक दुरुस्त करण्याचा वारसाला मुदतीचा हक्क असावा, ही मागणी आपण करायला हवी.

तुमच्यापुरते सांगायचे तर परवाना अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोलीस ठाण्याच्या प्रतिनिधीसमोर बंदुकीची तपासणी, क्रमांकाचे जवळून छायाचित्र आणि पंचनामा मागा. वडिलांनी बंदूक ज्या दुकानातून घेतली तिथल्या विक्री नोंदवहीचा उतारा मिळाला, तर तीन-आठचा वाद तिथेच मिटू शकेल. इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे जोडा. अर्ज फेटाळला गेल्यास कलम १८ खाली मुदतीत अपील करता येते, म्हणून नकार लेखीच घ्या. तुमच्याकडे आधीच दुसरे शस्त्र असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्यात मोजली जाते, हे ध्यानात ठेवा. ज्या वाचकांचे वडील हयात आहेत, त्यांच्यासाठी एक तरतूद मुद्दाम सांगतो : परवानाधारकाला ७० वर्षे पूर्ण झाली, किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असली, तर यांतले जे आधी घडेल त्यानंतर तो आपल्या हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो, आणि क्रमांकात चूक असेल तर ती सांगायला तो स्वतः हजर असतो.

आणि विक्रेत्याने तुम्हाला दिलेली जमा पावती आजच काढून पाहा. तिच्यावर त्याने आकडा परवान्यावरून उतरवला आहे की बंदुकीवरून, हे त्याच्याकडून लेखी घ्या.